चेनला चमचाभर तेल पुरे

जून उजाडतो, शाळा उघडतात आणि जिन्याखाली किंवा पडवीत टेकवून ठेवलेल्या सायकली बाहेर निघतात. चाकांत हवा भरली जाते, सीट पुसले जाते आणि चेन कुरकुरते म्हणून तिच्यावर हाताला येईल ते तेल ओतले जाते. कुणी शिलाई मशिनचे, कुणी डोक्याला लावायचे खोबरेल, तर कुणी मोटारसायकलच्या इंजिनातून काढलेले काळे ऑइल. दोन दिवस आवाज थांबतो. आठवडाभरात चेनवर काळा चिकट थर जमतो, त्याचे डाग गणवेशावर पडतात आणि कुरकुर पुन्हा सुरू होते. मग आणखी तेल.

आपल्या बोलीत ‘ओव्हरऑइलिंग’ असा एक गमतीचा शब्द रुळला आहे. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. म्हणजे यंत्र उघडायचे, साफ करायचे, झिजलेले भाग बदलायचे आणि पुन्हा जुळवायचे. बोलता बोलता त्यात ‘ऑइल’ शिरले आणि देखभाल म्हणजे भरपूर तेल, अशी समजूतही सोबत आली. प्रत्यक्षात सायकलच्या संपूर्ण चेनला एका वेळी चहाचा एक चमचा तेल पुरते. औषधाबाबत जे चार प्रश्न विचारले जातात, तेच इथेही विचारायला हवेत: कोणते, कुठे, किती आणि कधी? उत्तरे चुकली तर चेन लवकर झिजते, इतकेच होत नाही. चेनमध्ये चिरडलेले बोट, बाटलीतले रॉकेल प्यायलेले मूल, ऐन वेळी न लागलेला ब्रेक, अशी दुखणीही त्यातून रुग्णालयापर्यंत येतात.

तेल लागते ते आत

आजच्या चेनची मूळ रचना हान्स रेनॉल्ड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने १८८० मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर परिसरात शोधली. दोन बाजूंच्या पट्ट्यांना जोडणारी एक पिन, पिनीवर एक पोकळ नळी आणि नळीवर फिरणारा रोलर, अशी प्रत्येक सांध्याची मांडणी असते. गिअरच्या सायकलींच्या चेनमध्ये आता वेगळी नळी नसते, पण तत्त्व तेच आहे. साध्या सायकलच्या चेनमध्ये असे सुमारे ११० सांधे असतात. पायडल मारताना चेन पुढच्या चक्राच्या दात्यांवर चढते, उतरते, मग मागच्या फ्रीव्हीलवर चढते, उतरते. दर वेळी प्रत्येक सांधा थोडा वळतो आणि सरळ होतो. हे वळणे पिन आणि नळी यांच्यामधल्या अगदी बारीक फटीत घडते. घर्षण तिथे होते, झीज तिथे होते आणि तेलाची गरजही तिथेच असते. बाहेरच्या पट्ट्यांना गंज धरू नये इतका पुसट थर पुरतो.

बाहेर राहिलेले जादा तेल धूळ धरून ठेवते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतली गारगोटी साध्या पोलादाला ओरखडे काढण्याइतकी कठीण असते. तेल आणि वाळू एकत्र आली की जो काळा लगदा तयार होतो, तो पॉलिश पेपरचे काम करतो. वरून पुन्हा तेल ओतले की हाच लगदा पातळ होऊन आतल्या फटीत उतरतो.

‘चेन ताणली गेली’ असे आपण म्हणतो. पण पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन आतून किंचित झिजते आणि शंभरावर सांध्यांची झीज एकत्र आली की चेन लांब झाल्यासारखी दिसते. हे घरच्या फूटपट्टीने मोजता येते. चेनच्या दोन पिनींमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून २४ कड्यांचे माप बरोबर १२ इंच भरायला हवे. एका पिनीच्या मध्यावर शून्य ठेवून मोजावे. चोविसावी कडी १२ इंचांच्या पुढे दीड मिलीमीटर गेली असेल, तर चेन बदलण्याची वेळ आली. तीन मिलीमीटर पुढे गेली असेल, तर दातेही झिजलेले असतात आणि चढावर जोर लावताच चेन दात्यांवरून उडी मारते. स्वार पायडलवर उभा असेल तर तो थेट मधल्या दांड्यावर आदळतो. जांघेला आणि मूत्रमार्गाला होणाऱ्या इजांचे हे एक ओळखीचे कारण आहे.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अभियंत्यांनी १९९९ मध्ये सायकलच्या चेनवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष जाहीर केले. चेन पायांची ताकद मागच्या चाकापर्यंत किती पोहोचवते, हे त्यांनी मोजले. उत्तम स्थितीत ही कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली. पण प्रयोगशाळेच्या स्वच्छ वातावरणात कोणते वंगण लावले, याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. संशोधकांच्या मते तेथे तेलाचे मुख्य काम मोकळी जागा व्यापून घाण आत येऊ न देण्याचे होते. आपले रस्ते प्रयोगशाळेसारखे नाहीत. इथे तेल आतली जागा राखते, पावसाचे पाणी बाहेर ठेवते, गंज आणि झीज रोखते. मात्र ते स्वतः स्वच्छ असेल तरच.

गुडघ्यातले ‘ग्रीस’

अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात ‘गुडघ्यातले ग्रीस संपले’ हे वाक्य रोज ऐकू येते. सांध्यातही वंगण असते, हे खरे. पण निरोगी गुडघ्यात ते जेमतेम काही मिलीलिटर, म्हणजे चमचाभराच्या आसपासच असते. सांधा सुजतो तेव्हा हे पाणी वाढते आणि त्याने आराम पडत नाही, उलट हालचाल अवघड होते. वयानुसार होणाऱ्या संधिवातात मूळ बिघाड वंगण संपण्याचा नसतो. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजलेली असते.

चेन आणि गुडघा यांच्यात एक मोठा फरक आहे. सांध्याचे अस्तर आपले वंगण स्वतः तयार करते आणि ते बदलत राहते. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीबरोबर आत-बाहेर होणाऱ्या याच द्रवातून तिला पोषण मिळते. सायकल चालवताना शरीराचा बराच भार सीटवर असतो आणि गुडघा कमी भाराखाली वाकतो, सरळ होतो. म्हणून गुडघेदुखीच्या अनेक रुग्णांना सायकल सुचवली जाते. चेनला मात्र ही सोय नाही. तिचे तेल बदलायला माणूसच लागतो.

कोणते तेल निवडावे?

तेलाची निवड मुख्यतः त्याच्या दाटपणावर ठरते. पातळ तेल बारीक फटीत लगेच शिरते, पण लवकर निघूनही जाते. दाट तेल टिकते, पण आत शिरायला वेळ घेते आणि धूळ धरते.

शिलाई मशिनचे तेल कोणत्याही गावात मिळते, स्वस्त असते आणि स्वच्छ असते. कोरड्या हवेत, रोजच्या थोड्या अंतरासाठी ते चांगले. पावसात ते धुऊन जाते, त्यामुळे वारंवार लावावे लागते. ब्रेकचे सांधे, स्टँडचा बोल्ट आणि फ्रीव्हील यांनाही तेच योग्य.

मोटारसायकलचे नवे, न वापरलेले इंजिन ऑइल थोडे दाट असते. पावसाळ्यात ते जास्त टिकते. लावल्यावर चेन बाहेरून नीट पुसली नाही, तर मात्र धूळ भरपूर चिकटते.

सायकलच्या दुकानात चेनसाठी खास तेले मिळतात. त्यांत ‘ड्राय’ आणि ‘वेट’ असे दोन मुख्य प्रकार आहेत. ड्राय प्रकारातला द्रावक उडून जातो आणि मेणासारखा कोरडा थर मागे राहतो. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या धुळीच्या उन्हाळ्यात तो उपयोगी, पण पाऊस लागला की संपतो. वेट प्रकार दाट आणि चिवट असतो. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत तो बरा. लांब पल्ल्याचे सायकलस्वार हवामान पाहून दोन्ही वापरतात. रोज शाळेत किंवा कामावर जाणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेले तेल. चाकाचा हब, पायडल आणि क्रँकचा एक्सल यांच्या छर्‍यांसाठी ते आवश्यक आहे. चेनवर बाहेरून थापले तर ते आत शिरत नाही आणि वर धुळीचा लेप तयार होतो.

गंजलेले नट सोडवण्यासाठी जो फवारा मिळतो, त्याचा मोठा भाग उडून जाणारा द्रावक असतो. अडकलेली कडी मोकळी करायला तो चांगला. पण मागे राहणारा थर फार पातळ असल्याने त्यानंतर चेनचे तेल लावावेच लागते.

स्वयंपाकघरातली तेले मात्र चेनसाठी नाहीत. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला थिजू लागते, त्यामुळे पुणे-नाशिकच्या थंडीत सकाळी ते चेनमध्ये घट्ट झालेले असते. जवसाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वाळते आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो. म्हणूनच ते रंगात वापरतात. इतर खाद्यतेलेही कालांतराने चिकट होतात.

काळे ऑइल का नको?

गॅरेजमधले काळे ऑइल फुकट मिळते, म्हणून ते सर्रास वापरले जाते. त्यात धातूचे कण आणि काजळी असते, त्यामुळे चेनला ते वाईटच. त्वचेला ते अधिक वाईट. इंजिनच्या उष्णतेत आणि इंधनाच्या ज्वलनात बहुचक्रीय हायड्रोकार्बन नावाची रसायने तयार होतात आणि ती या तेलात साठत जातात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत.

तेलाचा आणि त्वचेच्या कर्करोगाचा संबंध मँचेस्टरच्याच परिसरातही दिसून आला. तिथल्या कापड गिरण्यांत ‘म्यूल’ नावाची सूत कातण्याची यंत्रे होती. त्यांच्या चात्यांना खनिज तेल दिले जाई. यंत्रावर वाकून काम करणाऱ्या कामगारांच्या कपड्यांत ते वर्षानुवर्षे मुरत असे. या कामगारांत अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग दिसू लागला. पहिल्या रुग्णाची नोंद १८८७ ची आहे. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अखेर १९५३ मध्ये ब्रिटनने नियम करून या यंत्रांसाठी नीट शुद्ध केलेल्या तेलाची सक्ती केली. अशुद्ध किंवा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहेत.

एकदा हाताला काळे ऑइल लागले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. धोका रोजच्या, वर्षानुवर्षांच्या संपर्काचा आहे. ज्यांचे पोट या कामावर आहे, त्या सायकल आणि गॅरेज कारागिरांनी तेलाने भिजलेले कपडे रोज बदलावेत, तेलकट चिंधी खिशात ठेवू नये आणि शक्य तेव्हा हातमोजे घालावेत. हातावर, मांडीवर पुरळ येत असेल, न भरणारी जखम किंवा वाढत जाणारी चामखीळ असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. हात पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची सवयही सोडायला हवी. त्याने त्वचेचा नैसर्गिक स्निग्ध थर निघून जातो, भेगा पडतात आणि इसब होतो. थोडे गोडेतेल हाताला चोळून, फडक्याने पुसून, मग साबणाने हात धुतले की चेनचा काळेपणा जातो.

पातळपणाचा धोका

चेन धुण्यासाठी पूर्वी रॉकेल वापरत. आता ते सहज मिळत नाही, म्हणून डिझेल किंवा पेट्रोल वापरले जाते. पेट्रोलची वाफ दूरवरच्या ठिणगीनेही पेटते, त्यामुळे ते वापरूच नये. रॉकेल आणि डिझेल वापरताना धोका बाटलीत असतो. उरलेले द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून कोपऱ्यात ठेवले जाते आणि तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते.

ज्या गुणामुळे रॉकेल चेनच्या बारीक फटीत शिरते, त्याच गुणामुळे ते घातक ठरते. ते इतके पातळ असते की गिळताना ठसका लागला तर काही थेंब श्वासनलिकेतून फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पसरतात. तिथे सूज येते आणि श्वास घेणे कठीण होते. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा फुप्फुसात गेलेले थोडेसे रॉकेल जास्त हानी करते. म्हणून अशा मुलाला उलटी कधीही करवू नये. घशात बोट घालणे, मिठाचे पाणी किंवा दूध पाजणे, हे सारे टाळावे. उलटीबरोबर तेच रॉकेल पुन्हा श्वासनलिकेत जाते. कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मूल वरवर बरे दिसले तरी काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते, कारण खोकला, धाप आणि ताप ही लक्षणे उशिराही दिसू शकतात. नळीने तोंडाने ओढून डिझेल-पेट्रोल काढणाऱ्या मोठ्या माणसांनाही हाच धोका असतो.

खरे तर रोजच्या चेनला रॉकेलची गरज क्वचितच पडते. कोरडे फडके, जुना टूथब्रश आणि साबणाचे पाणी यांनी बहुतेक घाण निघते.

चमचाभर तेलाची कृती

सायकल स्टँडवर उभी करावी. कोरडे फडके चेनच्या खालच्या पदरावर हलके धरून पायडल उलटे फिरवावे. फडके काळे होईल, त्याची घडी बदलत राहावे. घाण जास्त असेल तर टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून, धुऊन, चेन उन्हात पूर्ण वाळू द्यावी. ओल्या चेनला तेल लावले तर आत पाणी अडकून राहते.

मग नाकाड्या कुपीने खालच्या पदराच्या आतल्या बाजूला, प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडत जावे आणि पायडल हळूहळू उलटे फिरवावे. औषधाच्या ढोबळ हिशेबात २० थेंब म्हणजे एक मिलीलिटर. ११० सांध्यांना ११० थेंब, म्हणजे पाच मिलीलिटरच्या आसपास. हाच तो चहाचा एक चमचा. एकच वेगळ्या दिसणारी जोडकडी असेल, तर तिथून सुरुवात करावी म्हणजे फेरी पूर्ण झाल्याचे कळते.

नंतर पायडल २०-२५ वेळा उलटे फिरवावे आणि सायकल शक्यतो रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी कोरड्या फडक्याने चेन बाहेरून पुसून काढावी, अगदी तेल लावलेच नव्हते असे वाटेपर्यंत. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. आत शिरलेले तेल पुसल्याने जात नाही. जाते ते धूळ धरणारे.

कोरड्या दिवसांत रोज चालणाऱ्या सायकलला दोन-तीन आठवड्यांनी असे तेल पुरते. पावसात भिजून आलेली चेन त्याच दिवशी पुसावी आणि वाळल्यावर तेल द्यावे. कोरडी कुरकुर ऐकू आली, तर तारखेची वाट पाहू नये.

बोट आणि ब्रेक

एकाने पायडल फिरवायचे आणि दुसऱ्याने चेन पुसायची, ही पद्धत टाळावी. फडक्याचे टोक दात्यांत अडकते आणि बोट त्यामागे ओढले जाते. दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत, फडके दात्यांपासून दूर धरावे आणि लहान मुलांना जवळ बसू देऊ नये. बोट अडकलेच तर ओढू नये. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक पुढे सरकवले की चेन ढिली होते. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो स्वच्छ पाण्याने हलका धुऊन, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. जखमेवर दाब देऊन, हात उंच धरून रुग्णालय गाठावे. अशा जखमेत धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, हे पाहिले जाते. या रोगाचे जंतू गंजातून जन्मत नाहीत. ते मातीत असतात आणि चेनवर माती असतेच.

तेलाचा एक थेंबही रिमवर, ब्रेकच्या रबरावर किंवा डिस्कवर पडता कामा नये. फवारा वापरताना हे हमखास घडते, म्हणून मागे जुना कागद धरावा. रिमवर तेल पडले तर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मोकळ्या जागेत ब्रेक लावून पाहिल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नये. डिस्कच्या पॅडमध्ये तेल मुरले असेल तर पॅड बदलणेच बरे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. कामावर सायकलने जाणाऱ्याचा तो वेगळा वेळ न काढता होतो. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. एस.टी. चुकली तरी त्यांची शाळा चुकत नाही. पहिल्या पावसात चेन गंजली, दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून सायकल भिंतीला लागली, तर तिचे शाळेपर्यंतचे अंतर पुन्हा पायी मोजायचे असते. शाळेत एखाद्या शनिवारी दप्तराविना शाळा भरते, तेव्हा अर्धा तास या कामासाठी काढता येईल. शिलाई मशिनच्या तेलाची एक कुपी, काही जुनी फडकी आणि एक फूटपट्टी, एवढ्यावर वर्गातल्या सगळ्या सायकली पावसाळ्यासाठी तयार होतात.